मेकाँगकाठचं चियांग खान : थंडी, धुकं आणि नदीची पातळी

बुधवार

थायलंडमधल्या लोईचा विमानतळ छोटा आहे. बॅगा घेऊन पाच मिनिटांत आपण रस्त्यावर असतो. दुपारचा एक वाजला होता, ऊन चांगलंच लागत होतं आणि मामांच्या हातात घडी घातलेला स्वेटर होता.

"थायलंडमधला सगळ्यांत गार जिल्हा म्हणालास ना? इथे तर घाम फुटलाय."

"रात्र होऊ द्या, मामा."

लोईहून चियांग खान पन्नासेक किलोमीटरवर. २०१ क्रमांकाचा रस्ता थेट उत्तरेला जातो आणि चियांग खानला संपतो, कारण पुढे मेकाँग आणि तिच्यापलीकडे लाओस. वाटेत रबराचे मळे, ऊस, मका आणि मधूनच भातकापणी झालेली उघडी खाचरं. ऊस दिसला की मामा गाडीच्या काचेला नाक लावून बसतात, वाईच्या माणसाची सवय. मध्ये मध्ये डोंगर येत राहतात. थायलंडच्या ईशान्येला इसान म्हणतात आणि इसान म्हटलं की तांबड्या वालुकाश्माचं सपाट खोरात पठार, असं वाचून गेलो होतो. लोई त्या पठाराच्या कडेला आहे. इथले खडक पठाराच्या दगडाहून कितीतरी जुने, वळ्या पडलेले, चुनखडीचे आणि ज्वालामुखीचेही. नदीच्या पात्रात एवढे दगड का, याचं उत्तर त्यात आहे. ते शुक्रवारी दिसलं.

गाव म्हणजे नदीला समांतर दोन रस्ते आणि त्यांना जोडणाऱ्या आखूड गल्ल्या. नदीलगतच्या रस्त्याचं नाव चाय खोंग. त्याच्या दुतर्फा लाकडी घरं, वर माडी, खाली दुकान. आता बहुतेक घरांत पर्यटक राहतात. आमच्या घराच्या मालकीणबाई साठीच्या असाव्यात. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं, बाकीचं काम भाषांतराच्या ॲपने केलं.

चहासुद्धा न घेता मामा नदीवर गेले. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली, सुरुवात धोम धरणाच्या कामावर. नदी दिसली की ते आधी काठ बघतात, पाणी मागाहून. काठावर सिमेंटचा लांबलचक फरसबंदी रस्ता आहे, लोक सायकली चालवतात. त्याच्या खाली उतारावर दगडी पिचिंग, म्हणजे काठ धुपू नये म्हणून बसवलेले दगड, आणि त्याच्याही खूप खाली पाणी. पिचिंगवर गाळाच्या रेघा उमटलेल्या.

"ही वरची रेघ बघ आणि आत्ताचं पाणी बघ. दहा मीटर तरी फरक असेल."

अंदाज बरोबर होता. मेकाँगचा पूर ऑगस्ट-सप्टेंबरात येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पाणी तळाला जातं. दोन्हींमधला फरक इथे दहा मीटरच्या घरात असतो. डिसेंबरात आम्ही पाहिली ती उतरणीला लागलेली नदी, जागोजाग वाळूची बेटं वर आलेली. ही बेटं आपल्या काठाला कितीही जवळ वाटली तरी बहुतेक लाओसची. १९२६ साली सयाम (म्हणजे आजचं थायलंड) आणि तेव्हा लाओसवर राज्य करणारा फ्रान्स यांच्यात झालेल्या करारानुसार, बेटांमुळे नदीचे फाटे झाले असतील तिथे हद्द थायलंडच्या बाजूच्या फाट्यातून जाते. समोर लाओसचं सानाखाम दिसतं. १८९३ मध्ये फ्रान्सने डावा काठ घेतला, त्यानंतर पलीकडची बरीच माणसं उठून या काठाला आली. त्यामुळे दोन्ही काठांवरची भाषा आणि चिकट भात एकच आहे.

रात्री दहानंतर मामांनी स्वेटर चढवला आणि त्यावर शालही घेतली. मी काही बोललो नाही.

गुरुवार

फू थोक ही गावाच्या पूर्वेची टेकडी. वर जायला स्थानिक लोकांच्या पिकअप गाड्या आहेत, आपली गाडी खाली ठेवावी लागते. साडेपाचला निघालो. अंधार होता आणि गाडीच्या उघड्या हौद्यात कानाला झोंबणारा वारा. इथे डिसेंबरात सूर्य साडेसहानंतर उगवतो. थायलंडचं घड्याळ १०५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि चियांग खान त्याच्या तीनएक अंश पश्चिमेला, म्हणून घड्याळाच्या मानाने उजाडायला थोडा उशीर होतो.

वर गेलो तर खाली गाव नव्हतं, नदीही नव्हती. पांढरं, सपाट धुकं, आणि त्यातून वर आलेले डोंगरमाथे. शे-दीडशे माणसं मोबाईल उंचावून उभी. सूर्य आला तसं धुकं पसरत गेलं, हललं, आणि आठच्या सुमाराला नदीवरून फाटायला लागलं.

हे धुकं वर चढून येत नाही, खाली साठतं. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं, जमिनीतली उष्णता रात्रभर वर निघून जाते. गार झालेली हवा जड असते, ती उतारावरून ओघळत खोऱ्याच्या तळाला येऊन बसते. तळाशी मेकाँग आहे, तिचं पाणी हवेपेक्षा उबदार, त्यातून बाष्प मिळत राहतं. गार हवा आणि ओलावा एकत्र आले की धुकं धरतं. वारा सुटला किंवा ढग आले तर धरत नाही. म्हणून फू थोकवर जाऊन हात हलवत परत आलेले लोकही भरपूर भेटतात. आदल्या दिवशी पाऊस आणि त्या रात्री स्वच्छ आभाळ, असा मेळ जमला तर उत्तम, असं गाडीवाल्याने सांगितलं.

न्याहारीला छोट्या पत्र्याच्या तव्यात अंडी, वर थोडं खिम्यासारखं काही. मामा शाकाहारी, त्यांनी नुसती अंडी आणि पाव घेतला. अंडी चालतात, ही तडजोड त्यांनी विमानातच जाहीर केली होती.

दुपारी उन्हात पुन्हा अंगातले कपडे कमी करत गल्ल्यांतून हिंडलो. एका दुकानात दोन बायका कापसाची दुलई टाचत होत्या. चियांग खानच्या जाडजूड दुलया प्रसिद्ध आहेत. थायलंडमध्ये दुलई हे प्रसिद्ध उत्पादन असावं, याचं मला आदल्या दिवशीपर्यंत हसू आलं असतं. लोईत पूर्वी कापूस पिकत असे आणि थंडी तर होतीच.

थंडी का, हे मामांना समजावताना मला एक गंमत सापडली. चियांग खान साधारण १७.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. महाबळेश्वरही त्याच अक्षांशावर. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंच, म्हणून गार. चियांग खान समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, तरीही डिसेंबरच्या रात्री पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतात आणि लाट आली की दहाच्याही खाली जातात. लोईचा आजवरचा नीचांक उणे १.३ अंश आहे. अख्ख्या थायलंडचा नीचांक, उणे १.४, इसानमधल्याच साकोन नाखोनचा, २ जानेवारी १९७४ चा.

कारण उत्तरेला आहे. हिवाळ्यात सायबेरिया आणि मंगोलियावर गार, जड हवेचा मोठा साठा होतो. तिथून हवा दक्षिणेकडे सरकते. आपल्याकडे यायला तिला हिमालय आडवा येतो. इथे तसा पहारेकरी नाही. चीनमधून उतरलेली हवा लाओसच्या डोंगरांना वळसे घालत, त्यांच्यावरून ओसंडत इसानपर्यंत येते. आपल्याकडच्या थंडीची लाट हिमालयाच्या अलीकडून, वायव्येकडून येते. त्यामुळे साताऱ्याला सायबेरियाची हवा थेट कधी मिळत नाही, चियांग खानला मिळते.

"म्हणजे आपण डोंगरामुळे गार आणि हे डोंगर नसल्यामुळे गार," मामा म्हणाले. बरोबर आहे, फक्त डोंगर वेगळे.

शुक्रवार

पहाटे चाय खोंग रस्त्यावर भिक्खूंची रांग येते. लोक कडेला चटया टाकून बसतात आणि प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा घास घालतात. रांगेत फक्त भात. भाजी, आमटी वगैरे नंतर देवळात नेऊन द्यायची. आता हा सोहळा बराचसा पर्यटकांसाठी झाला आहे, प्लॅस्टिकच्या टोपल्यांतून तयार संच विकत मिळतात. तरी मालकीणबाई आपल्या दारात, आपल्या टोपलीतून देत होत्या, कोणाकडे न बघता. मी फोटो काढला नाही. मामांनी काढला.

दहा वाजता सायकली घेऊन कॅंग खुत खूला गेलो. गावाच्या पूर्वेला चारेक किलोमीटर. इथे नदी मोठं वळण घेते आणि पात्रात आडवा खडकांचा पट्टा आहे. पाणी थायलंडच्या बाजूला चेपलं जातं आणि उरलेल्या वाटेतून धडधडत जातं. डिसेंबरात खडक निम्मेच वर आले होते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पूर्ण उघडे पडतात. तपकिरी, हिरवट, काळसर, पाण्याने गुळगुळीत केलेले. लोईचे ते जुने खडक हेच.

काठावर नारळाच्या वड्यांची दुकानं आहेत. कोवळ्या खोबऱ्याच्या लांब पट्ट्या साखरेत घोळवतात, मोठ्या कढईत परततात. वडी म्हणालो खरा, पण आपल्या वडीइतकी घट्ट नसते. एका दुकानदारीणबाईंनी खडकांची गोष्ट सांगितली. लाल नाकाचा एक राक्षसी शिकारी होता. तो नदीपलीकडच्या चांदीच्या रेड्यावर नेम धरून बसला असताना एका व्यापाऱ्याचं गलबत आलं आणि रेडा बिथरून पळाला. शिकारी चिडला. गलबतं येऊच नयेत म्हणून त्याने दगड वाहून नदी अडवायला सुरुवात केली. धरण जवळजवळ पुरं होत आलं तेव्हा इंद्र लहान भिक्खूच्या रूपात आला आणि म्हणाला, कावड कशाला जड लाकडाची, बांबूची घे, हलकी पडेल. बांबू मोडला, त्याची धार मानेत घुसली आणि शिकारी गुडघे दुमडून तिथेच पडला. धरण अर्धवट राहिलं.

मामांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मटेरियल कोणी तपासलं नव्हतं का?"

गोष्टीतलं धरण मोडलं, नदीवरची खरी धरणं उभी आहेत. चियांग खानच्या वर सुमारे दोनशे किलोमीटरवर लाओसमध्ये सायाबुरी धरण आहे, १,२८५ मेगावॅटचं, ऑक्टोबर २०१९ पासून सुरू. त्याच्याही वर चीनमध्ये मोठमोठी धरणं. २०१९ च्या अखेरीला इथल्या लोकांनी मेकाँग निळी झालेली पाहिली. पर्यटकांना ते आवडलं, समुद्रासारखं दिसत होतं म्हणे. मामांना मी ते जुने फोटो दाखवले तर त्यांचा चेहरा उतरला. मेकाँगचं पाणी तांबूस-तपकिरी असायला हवं, कारण त्यात गाळ असतो. जलाशयात पाणी थांबलं की गाळ तळाला बसतो आणि खाली निवळ पाणी सुटतं.

"निवळ पाणी भुकेलं असतं. गाळ नसला की ते काठ खातं. धोमच्या खाली आम्ही बघितलंय."

आम्ही पाहिलं तेव्हाही पाणी हिरवट होतं, तळाचे दगड दिसतील इतकं नाही, पण तपकिरी म्हणवत नव्हतं. नावाड्याला ॲपवर विचारलं. त्याचं म्हणणं असं की रंगापेक्षा पातळीचा त्रास जास्त. पूर्वी पाणी कधी चढणार, कधी उतरणार हे महिन्यांवर ठरलेलं असे. आता कोरड्या दिवसांत रात्रीत चढतं आणि दोन दिवसांत उतरतं, कारण वर वीज लागली की दारं उघडतात. मासे चढण्याउतरण्याच्या खुणा नदीच्या पातळीवरून घेतात, त्यांचाही गोंधळ होतो. कोरड्या ऋतूत धरणांमुळे पाणी वाढतं, पावसाळ्यात पुराचा माथा कमी होतो. कागदावर दोन्ही चांगलं दिसतं. मामा पूर्वी अशाच कागदांवर सह्या करत. नावाड्याशी ते बराच वेळ बोलत राहिले, म्हणजे मोबाईल एकमेकांच्या तोंडापुढे धरत.

शनिवार

गावात शनिवारी बँकॉकचे पर्यटक उतरतात. सकाळीच त्यांना चुकवून पश्चिमेला निघालो, हुआंग नदीच्या संगमाकडे. मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते, चीन ओलांडते, थायलंड, लाओस आणि म्यानमार जिथे भेटतात त्या सुवर्ण त्रिकोणापाशी थायलंडला शिवते आणि मग पूर्वेला लाओसमध्ये शिरून लुआंग प्रबांगवरून मोठा वळसा घेते. थायलंडच्या हद्दीला ती परत येते ती या हुआंगच्या तोंडाशी. इथून पुढे उबोन जिल्ह्यापर्यंत दोन देशांची हद्द तिच्यातूनच जाते. संगमाच्या टेकडीवर उभी बुद्धमूर्ती आहे आणि पाण्यापासून ऐंशी मीटरवर काचेचा पूल. बुटांवर कापडी पिशव्या चढवून चालायचं. मामांनी काचेखालून जाणारे लोखंडी बीम मोजले आणि मगच पाऊल टाकलं.

वरून दोन्ही नद्यांचे रंग वेगळे दिसतात. हुआंग लहान, मातकट. मेकाँग रुंद आणि हिरवी. थोडं अंतर दोघी शेजारून वाहतात. लाओसच्या बाजूला डोंगरांच्या रांगामागे रांगा. याच भागात, सीमेच्या अगदी वर, सानाखाम नावाचं ६८४ मेगावॅटचं आणखी एक धरण प्रस्तावित आहे. थायलंडमधून त्याला विरोध झाला आहे.

पूल बघून झाल्यावर टेकडीवरच्या टपरीत बसलो आणि पावसाचा विषय निघाला. मामांना विषय पावसाचाच लागतो. नैर्ऋत्य मोसमी वारा तोच, जो जूनमध्ये कोकणात येतो. थायलंडला तो आधी, मेच्या मध्यावर पोचतो. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि इथे बाराशे-साडेबाराशे. कारण इथपर्यंत यायच्या आधी वाऱ्याला म्यानमारच्या सीमेवरचे डोंगर लागतात, मग लोईच्या पश्चिमेच्या फेत्चाबून रांगा लागतात, आणि चियांग खानला उरलंसुरलं मिळतं. वाई आणि महाबळेश्वरात जो फरक तीस-पस्तीस किलोमीटरच्या घाटात पडतो, तो इथे काही शे किलोमीटरांत पडतो.

मग जून-जुलैत पाऊस थोडा दम खातो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा जोर धरतो. हा दुसरा जोर पूर्वेकडून येतो. दक्षिण चीनच्या समुद्रातली वादळं व्हिएतनाम ओलांडून, निम्मी विरून, इसानवर येतात. त्यामुळे पूर्वेच्या नाखोन फानोमला लोईच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. आपल्याकडे कोकणात जास्त आणि पूर्वेला कमी, इथे उलट. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने हेच केलं आणि मेकाँगकाठची गावं पाण्यात गेली.

संध्याकाळी चाय खोंग रस्ता बंद असतो, फक्त चालायचा. एवढी गर्दी की दुकानं दिसत नव्हती, समोरच्याच्या पाठी दिसत होत्या. भाजलेले मासे, झिंग्यांच्या भजी, टी-शर्ट, गिटार वाजवणारी पोरं. मला हा भाग कंटाळवाणा वाटला. बुधवार-गुरुवारचं गाव पाहिलं नसतं तर आम्हीही याच गर्दीला चियांग खान समजून परतलो असतो. ज्यांना जायचंय त्यांनी आठवड्यामधले दिवस धरावेत.

रविवार

२११ क्रमांकाचा रस्ता मेकाँगला धरून पूर्वेला पाक चोमवरून नाँग खायला जातो. आम्ही भाड्याची गाडी ठरवली होती. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला डोंगर, मध्ये केळी आणि रबर. रबराची पानं हिवाळ्याच्या शेवटी झडतात. त्याच सुमारास शेतांतला पालापाचोळा जाळायला सुरुवात होते आणि फेब्रुवारी ते एप्रिल हवा धुरकट असते. खडक बघायला मार्च चांगला, पण श्वास घ्यायला नाही, असा हा पेच.

पाक चोमच्या अलीकडे मामांनी गाडी थांबवायला लावली. काठाच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या भाज्या होत्या. पूर ओसरला की उघड्या पडलेल्या गाळात लोक भुईमूग, घेवडा, टोमॅटो, कांद्याची पात लावतात. पाणी खाली जाईल तसतशी खालची पायरी. खत लागत नाही, पुराने ते आणून टाकलेलं असतं. मामांच्या डोळ्यांत चमक. कृष्णेच्या पात्रातल्या मळीत त्यांच्या लहानपणी काकड्या आणि कलिंगडं असत, ते सांगायला लागले.

खालच्या पायरीवर एक बाई भुईमूग खुरपत होत्या. मामा उतरून त्यांच्यापाशी गेले, मी मोबाईल घेऊन मागे. बाईंनी सांगितलं की सगळ्यांत खालची पट्टी त्यांनी यंदा रिकामी ठेवली आहे. दोन वर्षं तिथलं पीक अवेळी चढलेल्या पाण्याखाली गेलं. पाणी सोडणार असल्याचा निरोप फोनवर येतो म्हणाल्या, पण वेल उपटून वर लावता येत नाही.

मामांनी वरच्या पट्टीतली माती बोटांनी चुरून पाहिली, खालच्या पट्टीतलीही पाहिली. खालची जास्त वाळूची होती. मग त्यांनी मला विचारायला लावलं की पूर्वी पूर ओसरल्यावर किती जाड थर बसायचा. बाईंनी मनगटापासून कोपराच्या थोडं अलीकडेपर्यंत हात दाखवला. आणि आता? त्यांनी चार बोटं दाखवली.

"गाळ वर अडकतोय," मामा गाडीत बसताना म्हणाले. "सप्टेंबरात यायला पाहिजे. पुराचं पाणी बाटलीत भरून बघू, किती गाळ आहे ते."

सप्टेंबरात रस्त्यांवर दरडी येतात, असं ड्रायव्हरने सांगून पाहिलं. मामांनी त्याला त्याचा नंबर मागितला.